जोंधळ्याचा ज, चादरीचा च

बालवाडीच्या वयातील मुलांना अक्षरांची ओळख हातांनी करून देता येईल अशा सोप्या कृतींविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागविले होते. सोलापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी काही येथे घेतली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत. उत्तरे लिहिणाऱ्या बाई अनेक वर्षे सोलापुरात बालवाडीच्या वर्गावर आहेत.

प्रश्न : बाई, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. बालवाडीतून रोज एक पान ‘अ’ गिरवून आणायला सांगतात. पेन्सिल दिसली की तो रडायला लागतो. मी हात धरून गिरवले तर पान भरते, पण दुसऱ्या दिवशी तोच ‘अ’ त्याला ओळखता येत नाही. घरी खेळातून काही करता येईल का?
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या पत्रातील एका वाक्यापाशी मी थांबले. हात धरून गिरवले की पान भरते आणि तरीही अक्षर ओळखता येत नाही, असे आपण लिहिता. त्या पानावर चालला तो आपला हात. मुलाचा हात नुसता सोबत फिरला. तीन वर्षांच्या सुमारास मूल उभी रेघ आणि गोल पाहून काढू लागते, अधिकची फुली चाराच्या आसपास जमते, चौकोनाला आणखी काही महिने लागतात आणि त्रिकोण पाचव्या वर्षाच्या पुढेमागे येतो. आता या मापाने ‘अ’कडे पाहा. एकाखाली एक असे दोन अर्धगोल, मधून निघणारी आडवी रेघ, मग उभी रेघ आणि वर शिरोरेघ, एवढा ऐवज त्या एका अक्षरात भरलेला आहे. वर्णमालेत तो पहिला येतो खरा, परंतु वर्णमाला उच्चाराच्या शास्त्राने मांडलेली आहे. व्यंजने तर कंठापासून ओठांपर्यंत क्रमाने येतात. लिहायला सोपे ते आधी, अवघड ते नंतर, असा तो क्रम नाही. लिहिण्यासाठी आपल्याकडे ‘गमभन’ हा शब्दच रूढ झाला, तो काही उगीच नव्हे. या चारही अक्षरांत उजवीकडे उभी रेघ आहे आणि डावीकडे एखादे छोटे वळण किंवा गाठ आहे, त्यामुळे एक हाताला बसले की दुसरे फारसे परके वाटत नाही. ‘व’ आला की त्याच्या पोटात रेघ घालून ‘ब’ होतो, ‘प’च्या पोटात रेघ घातली की ‘ष’ होतो, आणि ‘र’ व ‘व’ खांद्याला खांदा लावून उभे राहिले की ‘ख’ होतो. अशी कुटुंबे घेऊन पुढे जावे. ‘अ’ला तिसऱ्या-चौथ्या महिन्यात भेटले तरी चालते.

पेन्सिल काही महिने कपाटात राहू द्या. घरात शहाबादी फरशी असेल, आणि सोलापुरात ती बहुधा असतेच, तर आपल्यापाशी भली मोठी पाटी आयती आहे. रंगकामाचा एक इंची ब्रश आणि तांब्याभर पाणी घ्या. प्रथम आपण खडूने हातभर उंचीचा ‘ग’ काढा आणि मुलाला त्यावरून पावलापुढे पाऊल ठेवत चालू द्या. नंतर तोच ‘ग’ त्याने पाण्याच्या ब्रशने ओढावा, आणि ओढताना तोंडाने ‘ग’ म्हणावे. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा बेचाळिसाच्या घरात जातो, तेव्हा सावलीतल्या फरशीवरही शिरोरेघ देईपर्यंत आधी काढलेले वळण वाळून नाहीसे होऊ लागते, आणि मुले ते वाळण्याच्या आत अक्षर पुरे करण्यासाठी अक्षरशः धडपडतात. एकच अक्षर दहा वेळा काढण्याचा कंटाळा या खेळात कोणाला आलेला मी पाहिलेला नाही, कारण पाटी दर वेळी आपोआप कोरी होते. एवढे मात्र सांभाळा, की अक्षर आधी आणि शिरोरेघ शेवटी, आणि शिरोरेघ डावीकडून उजवीकडे. हाताला लागलेले उलटे वळण पुढे मोडणे फार जड जाते.

पावसाळ्यात हाच खेळ ताटात घ्यावा. ताटात बारीक रव्याचा पातळ थर पसरून त्यात तर्जनीने अक्षर काढायचे आणि ताट हलवून पुसायचे. आपल्याकडे पूर्वी धूळपाटीवर बोटाने अक्षरे काढीत. ‘धुळाक्षरे’ हा शब्द तेथूनच भाषेत राहिला आहे. काही जण ताटात रांगोळी घेतात, ते मला पसंत नाही. रांगोळी ही दगडाची पूड आहे आणि लहान मुलाचा हात डोळ्याला लागायला क्षणही लागत नाही. रव्याला मुंग्या लागतात, म्हणून खेळ संपला की तो डब्यात भरून ठेवावा.

यानंतरची पायरी खरखरीत अक्षरांची. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधील आपल्या बालगृहात खरखरीत कागदाची अक्षरे पुठ्ठ्यावर चिकटवून मुलांच्या हाती दिली. मुले तर्जनी आणि मधले बोट जोडून त्या अक्षरावरून लिहिण्याच्या दिशेने फिरवीत आणि सोबत त्याचा ध्वनी उच्चारीत. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या पॉलिश पेपरच्या दोन-तीन तावांत पुष्कळ अक्षरे होतात. फार खरबरीत कागद घेऊ नये, तो बोट सोलतो. कापण्याचे काम आपले, बोट फिरविण्याचे त्याचे.

बालवाडीतील बाईंशी एकदा निवांत बोला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळ व कृती यांनाच महत्त्व दिले आहे, हे त्यांनाही ठाऊक असते. अडचण पुष्कळदा ‘आज काय शिकविले?’ असे रोज विचारणाऱ्या पालकांची असते. भरलेल्या पानाऐवजी फरशीवरील ओल्या अक्षराचा फोटो दाखविला तर चालेल का, असे विचारून पाहा.

प्रश्न : माझ्या अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची सव्वीस मुले येतात. रंगीत कागद, चमकी, गोंद असे सामान दर महिन्याला विकत घेणे परवडत नाही. गावात सहज मिळणाऱ्या वस्तूंतून अक्षरांच्या कृती कशा घ्याव्यात?
— एक अंगणवाडी सेविका, दक्षिण सोलापूर तालुका

उत्तर : सेविकाताई, चमकी नाही हे एका अर्थी बरेच झाले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे ग्रामीण आणि आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे जे काम उभे केले, त्यात खडे, बिया, पाने, काड्या हेच शिक्षणाचे साहित्य होते. आपल्या तालुक्यात तर जोंधळा आहे, शेंगा आहेत आणि घरोघर जुन्या चादरी आहेत.

सुरुवात चिकटविण्यापासून करू. गोंदाची बाटली विकत घेण्याऐवजी मैद्याची खळ करा. दोन मोठे चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा, त्यात पेलाभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहावे आणि मिश्रण पारदर्शक दिसू लागले की उतरवावे. विणकर सुताला खळ देतात, त्यामुळे हा शब्द आणि हा पदार्थ आपल्याकडील घरांना नवा नाही. उन्हाळ्यात ती दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी. पुस्तके बांधणारे खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. मुलांच्या खळीत ते कदापि घालू नये, ते विष आहे आणि मुले बोटे चाटतात.

पुठ्ठ्यासाठी जुन्या लग्नपत्रिका आणि साड्यांची खोकी पुरतात. पुठ्ठ्यावर वीतभर उंचीचे अक्षर काढावे, आणि त्याची रेघ एकेरी न ठेवता दोन बोटे रुंद ठेवावी, म्हणजे तिच्यात दाणे बसतात. जेथून अक्षर सुरू होते तेथे कुंकवाच्या आकाराचा लाल ठिपका द्यावा. या ठिपक्याचे महत्त्व मला एका मुलाने शिकविले. जोंधळ्याचे दाणे एकेक करून लावणारा तो शांत मुलगा ‘ज’च्या उभ्या रेघेच्या पायथ्यापासून सुरू होऊन वर चढत गेला, मला त्याची चिकाटी पाहून कौतुक वाटले आणि मी काही बोलले नाही. पुढे दोन महिने तो पाटीवरही ‘ज’ खालून वर लिहीत असे. दाणे सुंदर लागले होते, हात मात्र चुकीच्या वाटेने चालला होता. तेव्हापासून माझ्या वर्गात खळ लावायची ती बोटाने, लाल ठिपक्यापासून, लिहिण्याच्या दिशेनेच. खरा धडा खळ लावताना होतो. वर जोंधळा पसरून दाबायचा, पुठ्ठा उभा करून जास्तीचे दाणे ताटात झटकायचे आणि रात्रभर वाळू द्यायचे, हे सगळे त्यानंतरचे. दुसऱ्या दिवशी वाळलेल्या अक्षरावरून डोळे मिटून बोट फिरवायला सांगावे.

‘ज’साठी ‘ज्वारी’ म्हणू नये, ‘जोंधळा’ म्हणावे. ‘ज्वारी’ जोडाक्षराने सुरू होते आणि कानाला त्यात ‘ज’च्या पाठोपाठ ‘व’ लागतो. आपल्याकडील आज्या अजून जोंधळाच म्हणतात, त्यामुळे शब्द मुलांच्या ओळखीचा असतो. ‘श’ शेंगेचा घ्यावा. शेंगा फोडून दाणे मोठ्यांनी काढून घ्यावेत आणि अर्धी टरफले मुलांना द्यावीत. ती होडीसारखी उपडी ठेवून खळीत दाबताना जो कुरकुर आवाज येतो, त्यासाठीच मुले ही कृती पुन्हा मागतात. ‘च’ चादरीचा. विटलेल्या सोलापुरी चादरीच्या दोन बोटे रुंद पट्ट्या आपण कापून ठेवाव्यात, मुलांनी त्या अक्षराच्या वळणावर बसवाव्यात. कापड जाड असल्याने खळ घट्ट लागते, आणि काठाकडील दशा सुटल्या तर त्याही उपयोगी पडतात: ‘द’ दशीचा. सुतळीचा ‘स’, तुरीच्या काडीचा ‘त’, कापसाचा ‘क’ हे सांगायला नकोच. हुरड्याच्या दिवसांत ‘ह’ घेतला तर कृती करण्याआधीच निम्मे साहित्य पोटात जाते, त्याला इलाज नाही.

वयाचा विचार मात्र कडकपणे करावा. तीन वर्षांच्या मुलांना केवळ कापडाच्या पट्ट्या, सुतळी आणि कागदाचे मोठे बोळे द्यावेत. दाणे चार वर्षांपुढील मुलांना, तेही आपण शेजारी बसलेल्या असतानाच. जोंधळ्याचा दाणा नाकात किंवा कानात घालणारे मूल दर वर्षी एक तरी निघते. शेंगदाणा, चिंचोका, मणी, बटण या वस्तू घशात अडकू शकतात, म्हणून त्या लहान गटाच्या हाताला लागतील अशा ठेवूच नयेत.

सव्वीस मुलांना एका वेळी खळ देण्याचे धाडस करू नका. सहा मुलांचा एक गट आपल्यापाशी, बाकीची मदतनीसताईंबरोबर गाण्यांत किंवा पाने निवडण्यात, असे चार-पाच दिवसांत सगळे गट होऊन जातात. म्हणजेच आठवड्याला एक अक्षर. यापेक्षा वेग वाढविण्याची काहीच गरज नाही.

प्रश्न : आम्ही पूर्व भागात राहतो. आमच्या घरी तेलुगू बोलतात आणि शेजारी कन्नड. मुलगी चार वर्षांची असून मराठी बालवाडीत जाते. घरी अक्षरांचे खेळ मराठीतून घ्यावेत की तेलुगूतून? तिचा गोंधळ तर होणार नाही?
— एक वडील, अक्कलकोट रस्ता

उत्तर : गोंधळ होतो तो बहुधा तक्त्यामुळे. ‘आ आईचा’ असे तक्ता म्हणतो आणि मुलगी आईला ‘अम्मा’ म्हणते. मग तिने ‘आ’खाली काय पाहावे? आपण घरी ‘अ अम्माचा’ म्हणा. अक्षर ‘आ’ऐवजी ‘अ’ होते, पण तेही मराठी वर्णमालेतलेच, आणि शब्द तिच्या जिभेवरचा. ‘अक्का’ तर मराठी, तेलुगू आणि कन्नड तिन्ही घरांत आहे, त्यामुळे सोलापुरात ‘अ’साठी अक्काचा फोटो चिकटविण्यासारखी सोय दुसरी नाही. तेलुगू, कन्नड आणि मराठी यांची लिपी दिसायला वेगळी असली तरी क, ख, ग, घ हा क्रम तिन्हींत एकच आहे. घरातील आजी तेलुगूतून म्हणत असतील तर त्यांना थांबवू नका.

एक कृती सांगते. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर घराचे चित्र काढा आणि वरून कागदाची झडप चिकटवा. झडपेवर मोठा ‘इ’ लिहा. झडप उघडली की घर दिसते, आणि तुमची मुलगी म्हणेल ‘इल्लु’, तर वर्गातील मराठी मैत्रीण म्हणेल ‘इमारत’. दोघींचाही ‘इ’ बरोबर. अशी दुहेरी कार्डे शोधत बसण्यात मोठ्यांनाही मौज वाटते. मात्र थोडे सावध राहावे लागते. तेलुगूत ‘पिल्लि’ म्हणजे मांजर आणि मराठीत ‘पिल्लू’ म्हणजे कोणत्याही प्राण्याचे बाळ. माझ्या वर्गात एका मुलीने ‘पिल्लू’च्या कार्डावर चांगले मिशाळ, थोराड मांजर चिकटविले होते. मी ते काढले नाही. तिने ध्वनी अचूक ऐकला होता, आणि त्या दिवशीचे काम तेवढेच होते.

सुटीच्या दिवशी तिला एस.टी. स्टँडवर घेऊन जा. बसच्या पाट्यांवर ‘अ’ शोधायचा: अक्कलकोट सापडते. मग ‘ब’: बार्शी. ‘म’: मंगळवेढा, मोहोळ, माढा. कर्नाटकाच्या गाड्यांवर कन्नड अक्षरे दिसतात, ती वेगळी आहेत हे तिच्या लक्षात आले तर तेही अक्षरज्ञानच आहे. सापडलेले अक्षर घरी येऊन फरशीवर पाण्याने काढावे.

प्रश्न : वर्गासाठी विकत आणलेल्या तक्त्यांत ‘ल’ आणि ‘श’ वेगळ्या वळणाचे छापलेले असतात. शिवाय ‘ण’ आणि ‘ळ’ यांनी सुरू होणारे शब्दच नाहीत, तर त्यांच्या कृती कशा घ्याव्यात?
— एक बालवाडी शिक्षिका, होटगी रस्ता

उत्तर : बाजारातील पुष्कळसे तक्ते आणि गिरविण्याची पुस्तके हिंदीसाठी तयार होतात आणि तीच मराठी नावाने विकली जातात. हिंदी ‘ल’च्या उजवीकडे उभा दंड असतो, मराठी ‘ल’ दोन पाकळ्यांचा. मराठी ‘श’ देठाचा, हिंदी ‘श’ला वर गाठ असते. मुलाने पहिल्यांदा बोट फिरवावे ते आपल्या वळणावरून, म्हणून तक्ता घेताना ही दोन अक्षरे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. तसेच अशा तक्त्यांत ‘ळ’ पुष्कळदा गायबच असतो, आणि ‘ॲ’ व ‘ऑ’ही नसतात. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने या दोन स्वरांना मराठी वर्णमालेत स्थान दिलेले आहे, आणि आजच्या मुलाच्या तोंडात तर ‘ॲपल’ आणि ‘ऑटो’ ‘ऋषी’च्या कितीतरी आधी येतात. पाकळ्यांच्या ‘ल’साठी मी शेवंतीच्या पाकळ्या चिकटवून घेते, दोन्ही वळणे पाकळ्यांनी भरली की अक्षराचे नाव निराळे सांगावे लागत नाही.

‘ळ’ हे माझे आवडते अक्षर आहे, हे कबूल करते. शब्दाच्या आरंभी तो येत नाही म्हणून त्याला शेवटी शोधायचे. बाळ, गूळ, माळ, डाळ, जाळ असे शब्द आपण सावकाश म्हणायचे आणि शेवटचा ध्वनी ऐकू आला की मुलांनी टाळी वाजवायची. मध्येच ‘पान’ किंवा ‘गाल’ घुसडावा. ‘गाल’ला टाळी वाजली तर कान अजून तयार झालेला नाही असे समजून खेळ चालू ठेवावा. कृतीसाठी प्लॅस्टिकच्या दोन लहान बांगड्या पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी ठेवून मुलांना त्यांच्या आतून बोटाने, मग खडूने फिरू द्यावे. दोन गोल झाले, त्यांना वर शिरोरेघ जोडली, गोलांत काळ्या टिकल्या लावल्या की डोळे तयार होतात. ‘ळ डोळ्यांचा’ हे मग मूल विसरत नाही, कारण अक्षर त्याच्याकडे बघत असते. बांगड्या काचेच्या घेऊ नयेत.

‘ण’साठी बाण आहेच, परंतु घरात खरोखर ऐकू येणारे ‘दळण’ आणि ‘सण’ हे शब्द मला अधिक बरे वाटतात. ‘ङ’ आणि ‘ञ’ यांच्या कृती करू नयेत. पहिलीतही त्यांच्यावाचून काही अडत नाही.

आपण विचारले नाही, तरी ‘च’ आणि ‘ज’विषयी सांगायला हवे. मराठीत ‘चाक’मधला ‘च’ आणि ‘चिमणी’मधला ‘च’ वेगळा उच्चारला जातो. ‘जाळे’ आणि ‘जिलेबी’ यांचेही तसेच. एकाच पानावर चाक आणि चिमणी दोन्ही चिकटवायला दिली तर चांगला कान असलेले मूलच अडते, आणि आपण त्यालाच चूक समजतो. पहिल्या आठवड्यात एकाच उच्चाराच्या वस्तू घ्याव्यात.

प्रश्न : शाळेने ‘अक्षर प्रकल्प’ करून आणायला सांगितला आहे. दुकानात तयार अक्षरे मिळतात. बाकीच्या पालकांचे प्रकल्प फार देखणे असतात, त्यामुळे मुलाचे वेडेवाकडे काम नेण्याचा संकोच वाटतो.
— एक आई, विजापूर रस्ता

उत्तर : या संकोचाला मीही एकदा बळी पडले आहे. वर्गाच्या प्रदर्शनासाठी मी रात्री जागून थर्माकोलची अख्खी वर्णमाला कापली, रंगविली आणि भिंतीवर लावली. पाहुण्यांनी वाहवा केली. प्रदर्शनभर मी मुलांना एकच वाक्य सांगत होते: ‘हात लावू नका.’ अक्षरे मुलांसाठी होती आणि त्यांना शिवायची फक्त मुलांनाच बंदी होती. दोन आठवड्यांनी विचारले तर त्यातील एकही अक्षर कोणाला नव्याने आलेले नव्हते.

आपण मुलाचे वेडेवाकडे अक्षरच न्या आणि त्याखाली लहानशी चिठ्ठी लावा: ‘हे त्याने एकट्याने केले.’ ‘ठ’ घेतला तर काम आणखी सोपे होते. अंगठा बीटाच्या रसात बुडवून ‘ठ’च्या गोलात ठसे उमटवायचे. ठ ठशाचा, आणि तो ठसा दुकानात मिळत नाही.

प्रश्न : माझा नातू पाच वर्षांचा आहे. तो डाव्या हाताने लिहितो आणि काही अक्षरे आरशात दिसावीत तशी उलटी काढतो. दसऱ्याला पाटीपूजन केले तेव्हा सरस्वतीच्या चित्रातले सगळे ‘१’ आकडेही त्याने उलटेच काढले. त्याला उजव्या हाताची सवय लावावी का?
— एक आजोबा, बाळीवेस

उत्तर : आजोबा, हात बदलू नये. उलटी अक्षरे या वयात उजव्या हाताने लिहिणारी मुलेही काढतात आणि सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेकांची आपोआप सरळ होतात. त्यानंतरही तसेच चालू राहिले तर तज्ज्ञांना दाखवावे. तोवर लाल ठिपक्याची युक्ती, जी वर सेविकाताईंना सांगितली आहे, तीच त्यालाही उपयोगी पडेल. कोठून निघायचे हे कळले की दिशा बऱ्याच वेळा सुधारते. कागद किंचित उजवीकडे तिरका ठेवा, म्हणजे लिहिलेले त्याच्या हाताखाली झाकले जाणार नाही. कात्री मात्र डाव्या हाताची वेगळी मिळते, ती आणावी. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की कापायची रेघ पात्याआड जाते, आणि मग मुलाला वाटते की आपल्याला कापताच येत नाही.

प्रश्न : मराठी आणि इंग्रजी अक्षरे एकदमच सुरू करावीत का?
— एक वडील, पंढरपूर

उत्तर : एकदम नको. हाताला एक वळण बसू द्यावे. इंग्रजी घ्यायचेच असेल तर मोठी लिपी आधी घ्यावी, तिच्यात सरळ रेघा अधिक असतात. आईस्क्रीमच्या तीन काड्यांत ‘ए’ होतो, चारांत ‘ई’. छोटी ‘बी’ आणि छोटी ‘डी’ यांच्यात पुरेसे अंतर ठेवावे, नाहीतर दोन्ही चुकतात.

प्रश्न : नातीने केलेली जोंधळ्याची, डाळींची अक्षरे मी कपाटात जपून ठेवली होती. पावसाळ्यात त्यांना कीड लागली. टाकून दिली तर ती रडते. काय करावे?
— एक आजी, बार्शी

उत्तर : आजी, धान्याची अक्षरे महिना-दीड महिन्यापेक्षा जास्त ठेवू नका. कडक उन्हात एक दिवस वाळवून, कडुनिंबाच्या पाल्यासह डब्यात ठेवली तर थोडी अधिक टिकतात, पण दमट हवेत पोरकिडे कोठून तरी येतातच. जी नुसत्या मैद्याच्या खळीने चिकटविलेली आहेत, ती तिच्याच हाताने गच्चीवर ठेवायला सांगा. विकतचा गोंद लावलेली ठेवू नका, पाखरांच्या पोटात तो जायला नको. आमच्या बालवाडीच्या पत्र्यावर आम्ही अशीच अक्षरे ठेवतो. सकाळी ठेवलेल्या ‘ज’चे दाणे चिमण्या दुपारपर्यंत टिपून नेतात, आणि पुठ्ठ्यावर खळीचा तेवढा खडबडीत ‘ज’ उरतो. तो बोटाला अजून लागतो. मुले त्यावरून बोट फिरवून पाहतात आणि चिमण्यांनी कुठला भाग आधी खाल्ला असेल यावर वाद घालतात.